चौथ्या बाणानंतरच्या दोन झेपा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर ऐन रंगात आल्यावर डोळा लागेल, आणि मग घरी जाताना दुसऱ्याला विचाराल की पुढे काय झालं. पूर्वरंग आज आटोपता घेतो. आख्यान आहे एका घोडीचं आणि तिच्या स्वाराचं. आणि ज्यात खरा घोडा एकही नाही अशा चार हजार घोड्यांच्या सैन्याचं. टाळ मात्र हाताशी असू द्या. एका ठिकाणी लागतील.

साताऱ्याला, किल्ल्याच्या उतारावर, 'तृणसागर' नावाचा खेळ घडवणारी एक कार्यशाळा होती. खेळ संगणकावरचा, जुन्या काळच्या लढायांचा. खेळणाऱ्याने सेनापती व्हायचं आणि आपल्या तुकड्या हलवायच्या. भालाइतांनी घोडदळ अडवायचं, तिरंदाजांनी भालाइतांना टिपायचं, असा सगळा हिशेब. या हिशेबात न बसणारी एकच तुकडी होती : अश्वधनुर्धर. ते जवळ येत नाहीत आणि हातीही लागत नाहीत. बाण टाकतात, पळतात, आणि पळता पळता खोगिरावर मागे वळून पुन्हा बाण टाकतात. ज्याच्या सैन्यात ते असतात तो त्यांच्यावर जीव ओवाळतो. ज्याच्या समोर येतात तो त्यांना पळपुटे म्हणतो.

कार्यशाळेची एक अख्खी भिंत म्हणजे पडदा होता. त्या दुपारी भिंतीवर वाऱ्याने लवणारं गवत पसरलं होतं, क्षितिजापर्यंत, फिकट सोनेरी. त्यातून चार हजार स्वार चालले होते. टापांचा आवाज बंद ठेवला होता, त्यामुळे ते घोडे धावत नसून तरंगत आहेत असं वाटे. संध्याकाळी बगळ्यांची रांग तळ्यावरून जाते तसे. मधूनच सगळे मागे वळत आणि बाणांचा एक करडा पडदा आकाशात चढून विरून जाई.

"मोजा आता," उपेंद्र कुरणे म्हणाला. या घोड्यांना धावायला शिकवणारं गणित त्याचं होतं. "पहिला बाण... दुसरा... तिसरा... चौथा जरा लवकर. आणि ही बघा, उचकी!"

चौथ्या बाणानंतर चार हजार घोडे दोन झेपा नुसतेच गेले. बाण नाही, वळणं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

"खेळून बघणाऱ्यांनीच नाव ठेवलंय," उपेंद्र म्हणाला. "उचकी लागली की मागचं हलकं घोडदळ गाठतं. काल एकाने लिहिलंय, 'तुमच्या घोड्यांची कुणीतरी आठवण काढतंय, त्यांना पाणी पाजा.'"

इरावती मिरीकर हसली नाही. तुकड्यांच्या वागण्याची सगळी जबाबदारी तिच्यावर होती आणि खेळ अकरा दिवसांनी बाहेर पडायचा होता. "हे येतं कुठून?"

"तीच तर गंमत आहे, इराताई. आपण कुठेच लिहिलेलं नाही. ते अश्वजालाच्या, म्हणजे या घोड्यांच्या गणिताच्या, आत आहे. आतलं खरवडून काढता येत नाही. जाल पुसायचं आणि नव्याने शिकवायचं, एवढंच."

"मग पूस. उद्या संध्याकाळपर्यंत जमेल?"

"जमवतो."

इतक्यात दारावर दोघीजणी आल्या. एक तुळसा शेलार, म्हणजे रायाजी शेलारांची मुलगी. दुसऱ्या डॉ. शमीम इनामदार, वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम.

रायाजींना कार्यशाळेत सगळे ओळखत होते. पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त झालेला, देवभोळा, दर गुरुवारी कीर्तनात झांज धरणारा माणूस. पन्नाशीनंतर जुनी चित्रं पाहून पाहून हा गृहस्थ घोड्यावरून बाण मारायला शिकला होता. दोन वर्षांपूर्वी त्याची साळुंकी नावाची तांबडी घोडी आणि तो, दोघांच्या अंगाला संवेदक बांधून कार्यशाळेने माळावर महिनाभर चलनमुद्रण केलं होतं. म्हणजे हालचालींची बारीक नोंद. खेळातले चार हजार स्वार आणि चार हजार घोडे त्या एका जोडीवरून उतरले होते.

"आबांना झटका आला, सहा महिने झाले," तुळसा म्हणाली. "उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. साळुंकी गेल्या उन्हाळ्यात पोटशुळाने गेली, तेव्हापासून ते कमीच बोलायचे. आता तर शब्दच नाही. मला त्यांचा आवाज हवाय, ताई. तुमच्या नोंदीत कुठे असला तर. गाणं असलं तर फारच बरं."

"गाणंच का?" इरावतीने विचारलं.

डॉ. शमीम म्हणाल्या, "वाचाघातात बोलणं तुटतं. बोलायची जागा मेंदूच्या डाव्या अंगाला असते आणि काकांची तीच दुखावली आहे. पण सूर आणि लय उजव्या अंगाचा बराच आधार घेतात. 'पाणी' म्हणता न येणारा माणूस कधी कधी लहानपणचं गाणं सबंध म्हणतो. आम्ही त्याच वाटेने शब्द परत आणतो. गाणं मात्र त्याच्या हाडीमाशी मुरलेलं लागतं. मी आठ अभंग लावून पाहिले, आरत्या लावल्या. काका भिंतीकडे तोंड फिरवतात. आणि अशी वाट शोधायला पहिले काही महिनेच चांगले असतात. निम्मे तर गेलेच."

"त्यांचं स्वतःचं एक होतं," तुळसा म्हणाली. "स्वतः रचलेलं. फक्त घोडीवर असताना म्हणायचे. मी कुंपणापाशी बसून ऐकायची, पण वाऱ्यात शब्द कळायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, 'ते साळुंकीला ठाऊक आहे, तिला विचार.'"

इरावतीने मान खाली घातली. "तुळसा, आम्ही आवाज टिपलाच नव्हता. फक्त हालचाल. आणि आबांची हालचालही आता आमच्याकडे नाही. त्यांनीच करारात लिहून घेतलं होतं की काम झाल्यावर माझं माप पुसून टाका. म्हणाले, 'खेळात का होईना, हजारो माणसं पडायची. त्यात माझा हात राहायला नको.' वर्षापूर्वी मी स्वतः पुसलं."

"मग आता हे स्वार कोण आहेत?" भिंतीकडे बोट दाखवत डॉ. शमीमनी विचारलं.

"बाहुल्या," उपेंद्र म्हणाला. "खोटं कशाला सांगू? आधी दोन जालं होती. जाल म्हणजे चुका करत करत स्वतः शिकणारं गणित. एक अश्वजाल, एक स्वारजाल. दोघांना एकत्र धावडवलं. बाण सुटतो तो घोड्याचे चारही पाय हवेत असताना, कारण त्या क्षणी पाठ हलत नाही. बाण कधी सोडायचा ते स्वारजाल ठरवायचं, आणि घोडं त्या क्षणाला पाठ स्थिर धरायला शिकलं. आबांचं माप पुसलं तेव्हा स्वारजालही गेलं. नवं शिकवायचा मला कंटाळा. म्हटलं, घोडं पाठ स्थिर धरतंय ना, तोच इशारा समजून बाण सोडू, वर बाहुली बसवू. आणि काय सांगू, नेम तसाच! एकाही खेळाडूला फरक कळला नाही. तेव्हा मी चहावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की स्वार नुसतं ओझं होता."

तुळसाला यातलं फारसं काही ऐकू गेलं नसावं. ती पडद्याजवळ जाऊन उभी होती. चार हजार घोडे तिच्या चेहऱ्यावरून उजेडासारखे वाहत होते. तिचा हात पडद्याच्या कडेवर टिचकी मारत होता.

"हे असंच धावतात? नेहमी?"

"हो. तीन बाण सारख्या अंतराने, चौथा घाईने, मग उचकी. उद्या काढून टाकतोय."

"घाई नाही हो ती," तुळसा म्हणाली. "दादा, झेपा मोजा. सहा झेपांना बाण. पुन्हा सहा. पुन्हा सहा. मग चार." ती वळली. तिचे डोळे भरले होते. "चौथा चरण लहानच असतो."

मंडळी, टाळ लागतील म्हटलं होतं ते इथे. तुम्ही आयुष्यभर हे वाजवत आला आहात : सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि चार. अभंगाचं माप. रायाजी दर झेपेला एक अक्षर म्हणत होता आणि प्रत्येक चरण संपला की बाण सोडत होता.

 इरावती हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखी म्हणाली, "ओझं नव्हता, उपेंद्र. आपण उलटं वाचलं. स्वार काढूनही नेम तसाच राहिला, याचा अर्थ स्वार निघालाच नव्हता. पाठ कधी स्थिर धरायची हे घोडीला आधीच कळायला हवं, म्हणून ती त्याचं भाकीत करायला शिकली. त्याचा श्वास कधी भरतो, वजन कधी सरकतं, सगळं. एकमेकांबरोबर शिकलेल्या दोघांपैकी एकाला पुसता येत नाही. तो दुसऱ्यात उतरलेला असतो."

"पण शब्द?" डॉ. शमीमनी विचारलं. "शब्द असतील त्यात?"

"नाहीत. घोडीला पाठीवर जेवढं जाणवलं तेवढंच तिच्याकडे आहे. श्वास, ठेका, मांडीचा दाब. गाण्याचा साचा आहे, गाणं नाही."

"आणि उचकी?" उपेंद्र म्हणाला. "अभंगाचं माप चारवर संपतं. मग त्या दोन मोकळ्या झेपा कसल्या?"

 आणि त्याने उद्याच्या कामांच्या यादीतली एक ओळ गुपचूप खोडली.

चलनमुद्रणाच्या दालनात एक यंत्रघोडा होता. सहा दांड्यांवर तोललेलं खोगीर. जाल सांगेल तसं ते वरखाली होई. त्यावर अश्वजाल चालवायचं, रायाजींना बसवायचं, आणि त्यांची लय त्यांच्याच अंगाला परत द्यायची, असं ठरलं. डॉ. शमीमनी अटी घातल्या : वेग निम्मा, कमरेला पट्टे, दोन्ही बाजूंना माणसं, आणि काकांची हरकत दिसली की तिथेच थांबायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रायाजी चाकाच्या खुर्चीतून आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. उंच माणूस, पण एका अंगाला कललेला, वाऱ्याने झुकलेल्या झाडासारखा. इरावतीने खाली बसून त्यांना सगळं समजावलं. पुसलं म्हणून सांगितलं, पण पूर्ण पुसलं गेलं नव्हतं, हेही सांगितलं आणि हात जोडले. रायाजींनी तिच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग डावा हात उचलून खोगिरावर ठेवला आणि कातडं चोळत राहिले.

"बसायचं म्हणतायत," तुळसा म्हणाली.

खोगीर हललं. सहा झेपा. पाठ क्षणभर स्थिर. सहा. सहा. चार. आणि दोन मोकळ्या. रायाजी पोत्यासारखे बसून होते. दुसरी फेरी तशीच गेली. तिसरीत यंत्राची चाल अडखळू लागली.

"बिघडलं की काय?" तुळसाने विचारलं.

"नाही," उपेंद्र पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "ती त्यांची वाट बघतेय. दर झेपेला वरून एक दाब यायला हवा, तो येत नाही. म्हणून पाय आखडते, पुन्हा टाकून बघते. खेळात बाहुलीकडून तो दाब मी खोटाच देत होतो. इथे दिलेला नाही."

कीर्तनात बुवांचा आवाज बसला तर टाळकरी काय करतात? थांबत नाहीत. ठेका हळू करतात आणि बुवांच्या तोंडाकडे बघत राहतात. तसं ते यंत्र चाललं होतं. दालनाच्या उंच खिडक्यांतून ऊन उतरलं होतं आणि त्या उन्हात धुळीचे कण वर जात होते, खाली येत होते, जणू तेही दौडत होते. पाचवी फेरी झाली. सातवी झाली.

आठव्या फेरीत रायाजींची डावी मांडी खोगिरावर आवळली.

"आला," उपेंद्र कुजबुजला. "दाब आला. जुळला!"

चाल एकदम मऊ झाली. रायाजींची पाठ सरळ झाली. छाती भरली, रिकामी झाली, भरली. ओठ हलले. डॉ. शमीमनी तुळसाचा हात घट्ट धरला, कारण ती पुढे धावणार होती.

"पा..." आवाज जुन्या दाराच्या कडीसारखा आला. "पा... ऊ... ल..."

आणि मग, वाट फुटावी तसं :

"पाऊल उचले, भुई तुझी देवा,
टेकता विसावा, तुझ्या पायी..."

तुळसा तोंडावर हात दाबून रडत होती. शब्द जसे आहेत तसे, स्वच्छ. सहा महिने बंद असलेल्या तोंडातून. रायाजींनी पुन्हा तेच कडवं धरलं. त्यांचे डोळे मिटले होते. समोर कुठलं माळरान दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक.

एवढ्यात दालनातली वीज गेली.

दिवे विझले, पंखे थांबले, आणि खोगीर जिथल्या तिथे गोठलं. उपेंद्रने कपाळावर हात मारला. "आत्ताच जायची होती!" खोगिराखालचे संवेदक तेवढे स्वतःच्या बॅटरीवर जागे होते; त्याच्या हातातल्या छोट्या पडद्यावर हिरवी रेघ धावत होती.

रायाजी मात्र थांबले नव्हते. थिजलेल्या खोगिरावर त्यांची कंबर वर येत होती, खाली जात होती. नसलेल्या घोड्याच्या झेपेबरोबर, एक अक्षर, एक झेप. गाणं चाललंच होतं.

"इराताई," उपेंद्रने छोटा पडदा तिच्यापुढे धरला. "ही रेघ बघा. ही काकांची नाही. दर झेपेत एक ठोका जरा आखूड आहे. साळुंकी मागच्या डाव्या पायावर जरा आखूड पडायची. आपण मूळ नोंदीत पाहिलं होतं. ही तिची चाल आहे. यंत्र बंद आहे आणि चाल वरून खाली येतेय."

"टेकता विसावा, तुझ्या पायी," रायाजींनी कडवं संपवलं आणि ते थांबले.

दोन झेपा.

त्या शांततेत त्यांनी मान किंचित खाली केली, ओठ सैल सोडले, आणि फुरफुरले : फुर्रर्र... फुर्रर्र.

 हुबेहूब घोडी.

तुळसा रडता रडता हसू लागली. "अगं बाई! मला वाटायचं ती दमून फुरफुरते. ती धरत होती हो, ध्रुपद धरत होती! आबा कडवं म्हणायचे आणि थांबायचे, मग ही उत्तर द्यायची. त्या दोन झेपा तिच्या आहेत."

इरावतीला आपलंच परवाचं वाक्य आठवलं. एकत्र शिकलेल्या दोघांपैकी एकाला पुसता येत नाही. तिने ते स्वाराविषयी म्हटलं होतं. पण नियमाला स्वार आणि घोडा यांतला फरक ठाऊक नसतो. घोडीत स्वार उरला होता, तर स्वारात घोडी का नसावी? पोटशुळाने गेलेली साळुंकी सबंध वर्ष त्या मुक्या माणसाच्या अंगात जागच्या जागी उभी होती, कुणी कडवं म्हणेल म्हणून वाट पाहत.

वीज आली. रायाजींना उतरवून खुर्चीत बसवलं, कुणी पाणी आणलं. इरावती पुन्हा त्यांच्यापुढे खाली बसली.

"काका, तुम्ही पुसायला सांगितलं होतं. मी वचन पुरतं पाळलं नाही. आता विचारते. अश्वजाल पुसलं तर तुम्ही खेळातून खरंच जाल. नवे घोडे शिकवू, खेळ थोडा उशिरा काढू. पण त्याच्याबरोबर साळुंकीही जाईल. काय करू?"

रायाजींचे ओठ थरथरले. शब्द बोलून येईना. चेहरा लाल झाला. डॉ. शमीमनी त्यांचा डावा हात धरून खुर्चीच्या दांडीवर हलकेच ठेका दिला. सहा रिकाम्या टिचक्या, सहा, सहा. आणि चौथ्या चरणाच्या जागी रायाजींनी स्वतःचे शब्द घातले, झटक्यानंतरचे पहिले नवे शब्द, मोजून चार अक्षरं :

"राहू दे ती."

डॉ. शमीमनी दांडीवर आणखी दोन रिकाम्या टिचक्या दिल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. रायाजी अजून गाऊनच बोलतात. चहा मागतात तोही चालीत, आणि साखर कमी पडली तर चौथ्या चरणात तक्रार करतात. तुळसा म्हणते, घरात रोजच गुरुवार झालाय. 'तृणसागर' ठरल्या दिवशी बाहेर पडला, उचकीसकट. एका भल्या खेळाडूने तक्रार केली की अश्वधनुर्धर चौथ्या बाणानंतर उगाच थांबतात. उपेंद्रने त्याला एका ओळीचं उत्तर पाठवलं : "उगाच नाही, साहेब. उत्तर येतंय."

आता टाळ खाली ठेवा. तुमच्या घरी कुणी हा खेळ खेळत असेल, तर लढाईच्या धामधुमीत जरा त्याच्या मागे जाऊन उभे राहा. गवत लवत असेल. चार हजार स्वार बगळ्यांसारखे जात असतील. तीन बाण जाऊ द्या, चौथा जाऊ द्या. मग त्या दोन मोकळ्या झेपांत, देवाचं नाव तर घ्याच, पण त्याच्या जोडीने मागच्या डाव्या पायाने आखूड पडणाऱ्या एका तांबड्या घोडीची आठवण काढा. साळुंकी तिचं नाव.